मदत हवी आहे : ब्लूज जमतो, जॅझ ब्लूजमध्ये अडतो

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बँडमध्ये गिटार वाजवतोय. ए (A) या सुरातला, १२ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक गट) ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेला संगीतप्रकार, डोळे मिटून वाजतो. ब्लूजचे प्रसिद्ध गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना गिटार थांबवायचे आणि ओळ संपली की गिटारकडून उत्तर द्यायचे. त्यातून मी सुरांमध्ये जागा सोडायला शिकलो, आणि आजही ते ऐकताना अंगावर काटा येतो.

पण जॅझ ब्लूजमध्ये, म्हणजे जास्त कॉर्ड घातलेल्या ब्लूजमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर), ८ व्या बारला एफ शार्प सेव्हन, मग बी मायनर सेव्हन, ई सेव्हन हे कॉर्ड आले की बोटं त्याच पेंटॅटॉनिकमध्ये (पाच सुरांच्या स्केलमध्ये) घुटमळतात. मेट्रोनोमचा (ताल धरणाऱ्या यंत्राचा) टिकटिकाट बारच्या २ ऱ्या आणि ४ थ्या ठोक्यावर धरून स्विंग (जॅझची झुलती लय) सुधारला, सूर मात्र नाही. आधी कॉर्डचे तिसरे-सातवे सूर गाऊन बसवू, की सॅक्सोफोनचे सोलो कानाने उतरवू? तुम्ही सुरुवात कशी केलीत?