अनुभव धागा: कॉमिक्समधला खलनायक आणि ती एक चौकट

लहानपणी कॉमिक्समधला खलनायक मार खायलाच असायचा. वेताळ या कॉमिक्स-नायकाच्या अंगठीची कवटी गुंडाच्या हनुवटीवर उमटली की गोष्ट संपली, आपण जेवायला मोकळे. त्या गुंडालाही घरदार असेल हे मनातसुद्धा यायचं नाही.

माझ्यापुरतं हे बदललं ते मॅग्नेटोमुळे. १९६३ साली एक्स-मेन या अमेरिकन कॉमिक्सच्या पहिल्याच अंकात तो आला तेव्हा नुसता दुष्ट होता. अठरा वर्षांनी, १९८१च्या दीडशेव्या अंकात, लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी त्याला आउशवित्झ या नाझी छळछावणीचा भूतकाळ दिला. त्या अंकात तो एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर जबर हल्ला करतो. ती अगदी कोवळी पोर. ती मेली असं वाटून तो तिला हातांवर घेतो, आणि ज्यांनी आपली माणसं मारली त्यांच्याच वाटेने आपण चाललोय हे त्याला त्या एका चित्रचौकटीत कळतं.

मी तो अंक वाचला तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते. त्याच आठवड्यात वही विसरलेल्या एका मुलीला मी वर्गाबाहेर उभं केलं. तिला जे शब्द बोलले, ते माझ्या लहानपणी एका बाई मला बोलायच्या. अगदी तेच, त्याच सुरात. तिचा चेहरा पडला आणि मला ती चौकट आठवली.

खलनायकावरचा तुमचा राग कोणत्या चौकटीपाशी थांबला? जमेल तेवढं सविस्तर लिहा.

विदर्भातून

आमच्या बाबांचा तालुक्याच्या गावी दवाखाना होता. पावसाळ्यात एका रात्री साप चावलेली बाई बैलगाडीतून आणली, फार उशिरा. पहाटे ती गेली. उजाडल्यावर दारात माणसं जमली, कुणीतरी औषधांचं कपाट फोडलं. मी नऊ वर्षांची होते. स्पिरिटचा वास आणि चपलेखाली करकरणारी काच अजून आठवते. बाबा आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत.

डॉक्टर डूम या खलनायकाची पूर्वकथा कॉलेजात हाती लागली. फँटॅस्टिक फोर या कॉमिक्सचा १९६४चा वार्षिकांक. लाटवेरिया या कल्पित देशात त्याचा बाप वेर्नर रोमा या भटक्या जमातीच्या वस्तीत औषधं देत असतो. तिथल्या सरदाराची बायको त्याच्या हातून वाचत नाही. मग सरदाराची माणसं मागे लागतात. बाप पोराला घेऊन ऐन हिवाळ्यात डोंगरात पळतो, स्वतःच्या अंगावरचं पोराला गुंडाळतो आणि गारठून मरतो. आई आधीच गेलेली.

त्या पानावर मी किती वेळ बसून होते सांगता येणार नाही. डूम पुढे जे करतो ते भयंकरच आहे. पण ‘बरं करायला गेला आणि गुन्हेगार ठरला’ हे आमच्या घरात घडलंय. १९८९च्या एका कथेत तो आईचा आत्मा सोडवायला डॉक्टर स्ट्रेंज या जादूगार नायकाबरोबर नरकात उतरतो. आई सुटते, पण त्याच्याकडे पाठ फिरवून. आणि ती तशी फिरवेल तरच सुटेल, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं.

नाव नको

बॅटमनचा शत्रू टू-फेस. १९९०च्या बॅटमनच्या वार्षिकांकात त्याचं, म्हणजे हार्वी डेंटचं, लहानपण आहे. दारुडा बाप रोज रात्री नाणं उडवतो. छापा पडला तर मार, काटा पडला तर सुटका. नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापाच.

आमच्याकडे नाणं नव्हतं. जिन्यावरची पावलं होती. हळू आली तर आज वाचलो असं मी आणि ताई धरून चालायचो. हळू आली तरी मार बसायचाच. तरी रोज कान लावून बसायचो.

पुण्याहून

माझा खलनायक बॅटमनच्या गोष्टींतला मिस्टर फ्रीझ. १९५९ साली तो मिस्टर झीरो नावाचा, बर्फाची बंदूक घेतलेला किरकोळ चोर होता. १९९२च्या बॅटमनच्या कार्टून मालिकेत पॉल डिनी यांनी त्याला नोरा दिली. दुर्धर आजारी बायको, तिला उपाय सापडेपर्यंत गोठवून जपणारा शास्त्रज्ञ नवरा, आणि खर्च परवडत नाही म्हणून प्रयोग बंद पाडायला आलेला कंपनीचा मालक. त्या भागाच्या लेखनाला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. पुढे कॉमिक्सनेही हीच कथा उचलली.

आई सतरा दिवस आयसीयूत होती. विम्याची मंजुरी अडकली होती. फोनवरचा माणूस दर वेळी नवा, आणि मी दर वेळी पहिल्यापासून सांगायचो. एका रात्री बाहेरच्या बाकावर बसून तो भाग मोबाइलवर पुन्हा पाहिला. शेवटी कोठडीत फ्रीझ काचेच्या गोळ्यातल्या नाचऱ्या बाहुलीकडे बघत नोराची माफी मागतो. मी तोंडावर रुमाल धरला, शेजारी एक आजोबा झोपले होते.

२०१२ साली कॉमिक्समध्ये हे बदललं. नोरा त्याची बायको नव्हतीच, सगळा त्याचा भ्रम, असं दाखवलं. माणसाचं दुःख असं खोटं ठरवणं मला आजही पटलेलं नाही.

सोलापूरहून

मी थोडं वेगळं लिहितो. माझे वडील पोलिसात होते, त्यामुळे ‘द किलिंग जोक’ (१९८८) ही बॅटमनची कॉमिक्स वाचताना माझं सगळं लक्ष पोलीस कमिशनर गॉर्डनवर होतं. बॅटमनचा शत्रू जोकर याची कहाणी वाईटच आहे: ज्याचे विनोद चालत नाहीत असा नट, गरोदर बायको अपघातात जाते, त्याच दिवशी टोळीवाले त्याला दरोड्याला ओढून नेतात. पण ती खरी का, हे तोही सांगू शकत नाही. एका वाईट दिवसाने कुणीही असाच होतो, हे दाखवायला तो गॉर्डनच्या मुलीला गोळी घालतो, गॉर्डनचे हाल करतो. आणि सुटल्यावर गॉर्डन बॅटमनला बजावतो, त्याला पकडायचं ते कायद्यानेच.

वडिलांनी नोकरीत जे पाहिलं ते घरी कधी बोलले नाहीत. रात्री उशिरा आले तरी हात-पाय धुऊन आधी आमचं पांघरूण नीट करायचे. माझी चौकट गॉर्डनची आहे, चालेल ना?

धागाकर्ती

चालेल, मनापासून. ‘नाव नको’, तुम्ही आणि ताई आता बऱ्या असाल अशी आशा करते.

एकीने विचारलंय, त्या मुलीचं पुढे काय झालं. माफी मागायला मला दोन दिवस लागले. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. तिने दप्तर उघडलं आणि म्हणाली, “बाई, वही रोज आणते मी आता.”