कालच्या मुलाखतीत दादा टिकले की घसरले? गुरुवारच्या आधी खरं मत द्या

रंकाळा_कट्टा
मंडळी, आपल्या उमेदवाराची, दादांची, काल रात्रीची टीव्हीवरची मुलाखत सगळ्यांनी पाहिली असेलच. २८ मिनिटं, मधे दोन ब्रेक. एका ग्रुपवर 'दादांनी अँकरला लोळवलं' चाललंय, तर दुसरीकडं विरोधकांनी ३५ सेकंदांची क्लिप फिरवलीय. एफआरपीच्या, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या कायदेशीर किमान दराच्या प्रश्नावर दादा चार वेळा 'बघा, मुळात' म्हणतात आणि वाक्य काही पुरं होत नाही. गुरुवारी दुसऱ्या वाहिनीवर बसायचंय, तिथला अँकर याहून खवट. म्हणून जयजयकार नको. मला तीन जागा कच्च्या वाटल्या: एफआरपी, पूर, कोल्हापूरची हद्दवाढ. पहिल्या ब्रेकनंतर दादा एकदम अडखळायला लागले, त्याचं कारण कुणाच्या ध्यानात आलं का?

उसाचा_फड
एफआरपीचं सांगतो, कारण मतं तिथंच हलतात. अँकरनं विचारलं, 'तुम्ही स्वतः कारखान्याचे संचालक, मग शेतकऱ्याला टनाला नेमके किती?' दादा म्हणाले, 'साडेतीन हजारांच्या वर.' अँकर लगेच, 'हातात?' इथं दादा गप्प. चुकीचं बोलले नाहीत, अर्धं बोलले. आणि अर्ध्या आकड्याला शेतकरी खोटा आकडा म्हणतो.

हिशेब असा मांडायला पाहिजे होता. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४ रुपये ६० पैसे वाढ. समजा उतारा १२.२५ आहे. २ टक्के जास्त म्हणजे २० टप्पे, ६९२ रुपये. एकूण ४२४२. त्यातून तोडणी-वाहतूक ९०० धरली, तर हातात ३३४२. एवढं चाळीस सेकंदांत सांगून होतं. 'ढोबळ एवढे, तोडणी-वाहतूक जाऊन एवढे' असं दोन्ही एका दमात सांगितलं की अँकरला 'हातात?' विचारायला जागाच राहत नाही.

दुसरी गोष्ट, अँकरनं 'एकरकमी की हप्त्यांत?' विचारल्यावर दादा म्हणाले 'सरकारशी बोलू'. अहो, फेब्रुवारी २०२२ चा दोन हप्त्यांचा शासन निर्णय उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चाच आहे: ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ३३४२ वर महिन्याचं व्याज ४२ रुपयांच्या आसपास बसतं. एकरी ४० टन धरा, महिन्याला सोळाशेच्या वर. संचालक असलेल्या उमेदवारानं 'उशीर झाला तर आमच्या कारखान्यानंही व्याज द्यायला पाहिजे' असं आपणहून म्हटलं असतं, तर ती क्लिप आपण फिरवली असती.

पेठेतला_गडी
लय किस पाडालाय राव तुम्ही. मतदार काय कॅल्क्युलेटर घेऊन बसतोय व्हय टीव्हीपुढं? अँकरनं सात वेळा मधे तोडलं, दादांचा आवाज एकदाबी चढला न्हाई. गेल्या खेपेला माइक काढून उठून गेलते, ते आठवा जरा. त्यापेक्षा काल लाख पटीनं बरं. कुस्तीतल्यावानी खडाखडीतच समोरचा दमवला की!

उसाचा_फड
गड्या, डोकं शांत ठेवलं हे कबूल. पण खडाखडीवर मैदान मारता येत नाही, डाव टाकावा लागतो. आणि ऊसवाला मतदार कॅल्क्युलेटर घेऊनच बसतो, बिलाची पावती त्याच्या खिशात असते.

ओबी_व्हॅन
रंकाळाभाऊंनी अडखळण्याचं विचारलंय. ते बरंचसं आवाजाच्या लाइनमुळं झालंय. पहिल्या ब्रेकनंतरची पाच मिनिटं आवाज बंद करून बघा. दादांचा हात दोनदा उजव्या कानाकडं जातो, इअरपीस दाबतात, बोलता बोलता मान खाली जाते. स्वतःचाच आवाज कानात उशिरा परत येत असला की माणूस असाच करतो.

अँकर मुंबईच्या स्टुडिओत, दादा इथं कार्यालयात. मधला दुवा बॅकपॅकचा, म्हणजे चार-सहा सिमकार्डांवरून चित्र-आवाज जातो. त्यात दीड-दोन सेकंदांचा उशीर धरूनच चालायचं. म्हणून पाहुण्याच्या कानात स्टुडिओनं बाकी सगळं पाठवायचं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा. ब्रेकमध्ये लाइन बदलली आणि ही वजाबाकी राहून गेली, की दीड सेकंदापूर्वीचं आपलंच वाक्य कानात ऐकू येतं. अशा वेळी भल्याभल्यांची जीभ अडते. त्या 'बघा, मुळात'चा ठेका नीट ऐका: प्रत्येक वेळी अंतर जवळपास तेवढंच आहे.

उपाय सोपा आहे. सुरू होण्याआधी आणि प्रत्येक ब्रेकच्या शेवटी दादांनी एक ते दहा मोजायचे. आपलाच 'तीन' कानात परत आला तर तिथंच फ्लोअरवरच्या पोराला सांगायचं. ऑन एअर झालं, तर इअरपीस हातानं काढून सरळ म्हणायचं, 'माझाच आवाज मला परत येतोय, एवढं दुरुस्त करा.' प्रेक्षकाला यात गैर वाटत नाही. अडखळणं मात्र गैर वाटतं.

अजून दोन बारीक गोष्टी. उपरणं लेपल माइकवर घासत होतं, ती खसखस सगळ्या मुलाखतभर आहे. माइक शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी लावायचा आणि उपरण्याची दोन्ही टोकं त्याच्या बाहेरून सोडायची, नाहीतर उपरणं खुर्चीच्या पाठीवर टाकायचं. कडक इस्त्रीचा, खळ घातलेला शर्टही तसाच वाजतो. दुसरं म्हणजे नजर. मॉनिटर डावीकडं खाली ठेवला होता, दादा त्यातल्या अँकरकडं बघून बोलत होते. घरी बसलेल्याला वाटतं, माणूस नजर चुकवतोय. मॉनिटर काढायला सांगा, लेन्सच्या वर एक लाल टिकली चिकटवा आणि तिच्याकडं बघून बोला.

उसाचा_फड
हे मान्य, पण एको नसता तरी 'हातात?'चं उत्तर तयार नव्हतंच. दोन्ही दुरुस्त करायला लागतील.

राजाराम_बंधारा
पुराच्या उत्तरात एको-बिको काही नव्हता, दादा एकदम खणखणीत बोलले. म्हणून जास्त लागलं. दोन चुका आहेत.

पहिली: 'राधानगरीचे दरवाजे वेळेत उघडले असते तर.' राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. अधिकाऱ्यानं कळ दाबायची वाट बघत ते बंद राहत नाहीत. अँकर मुंबईचा म्हणून सुटलं, पण इथं चौथीतल्या पोरालाही माहीत असतं. शिवाय पंचगंगेत राधानगरीच्या एकट्या भोगावती नदीचं पाणी येत नाही, कासारी, कुंभी, तुळशी आहेत.

दुसरी: सगळा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर. अँकरनं वडनेरे समिती काढली आणि दादा थबकले. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनंच नेमलेली ती समिती, आणि तिनं अलमट्टीच्या फुगवट्याला (धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्याला) कारण धरलं नाही. हे अँकर विचारणारच होता. त्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या. धरणाची आजची पातळी ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकला ती ५२४.२५६ वर न्यायची आहे. 'या वाढीला आमचा विरोध, कारण पुढचा धोका आम्ही का पत्करू?' इथं समितीचा अहवाल आडवा येत नाही. मागचा पूर हा वेगळा विषय, त्यावर घरचं बोलायचं: नदीकाठचे भराव, शिरोलीला महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडतो तो, निळ्या रेषेच्या आतली बांधकामं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. 'निळ्या रेषेच्या आत नवीन परवानगी नाही' असं एक वाक्य दादा बोलले, तर बिल्डर मंडळी नाराज होतील. ते त्यांनी आधी ठरवावं, स्टुडिओत बसून नाही.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका. काल दादा ४५ म्हणाले. हे दोन आकडे तरी पाठ पाहिजेत.

रंकाळा_कट्टा
४५ मला ऐकू आलं होतं, वाटलं माझेच कान. हद्दवाढीचं कुणीच बोललं नाही. 'लोकांशी बोलून ठरवू' हे उत्तर मला पळपुटं वाटलं.

उपनगर_पाचवी_गल्ली
पळपुटं नाही, ठरवून दिलेलं आहे. आपला मतदारसंघ निम्मा शहरात, निम्मा गावांत. शहराला हद्दवाढ हवी, कारण महापालिका १९७२ ची आणि हद्द तीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. गावाला नको, कारण घरफाळा वाढेल, ग्रामपंचायत जाईल आणि २०१७ ला ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं, त्यातून काय मिळालं हे गाव बघतंय. यावर 'हो' म्हटलं तरी पाच हजार मतं इकडं, 'नाही' म्हटलं तरी पाच हजार तिकडं. दादा गप्प राहिले ते शहाणपणच.

राजाराम_बंधारा
गप्प राहिले असते तर चाललं असतं. तीन मिनिटं बोलले आणि काही सांगितलं नाही, त्याचा त्रास होतो. हद्दवाढीची अधिसूचना राज्य सरकार काढतं, महापालिका फक्त प्रस्ताव पाठवते. 'ज्या गावात पाण्याची लाइन आणि ड्रेनेज आधी पोचेल, त्याच गावाचं नाव घ्या, ही माझी अट राहील' एवढं बोलून थांबावं. गावालाही पटतं, शहरालाही. वीस सेकंद.

उपनगर_पाचवी_गल्ली
हे वाक्य चालेल. पण गावांची नावं घेऊ नका, अँकर घ्यायला लावणार.

ओबी_व्हॅन
क्लिपचं एक राहिलं. आपल्या पोरांनी अँकर निरुत्तर होतो तो भाग कापून पैसे भरून बूस्ट करायचं ठरवलंय असं दिसतंय. पैसे देऊन चालवली की ती जाहिरात होते, जिल्ह्याच्या एमसीएमसीचं (निवडणुकीतल्या जाहिराती तपासणाऱ्या समितीचं) प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं, उमेदवाराला निदान तीन दिवस अगोदर अर्ज. खर्चही दादांच्या हिशेबात धरला जातो. नुसती आपल्या खात्यावर टाकली तर जाहिरात होत नाही. आणि मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचाराचं काही दाखवता येत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६. गुरुवारच्या मुलाखतीचं पुनर्प्रक्षेपण कधी आहे ते वाहिनीला आताच विचारून ठेवा.

पेठेतला_गडी
बूस्ट मीच करणार हुतो. थांबवतो.

रंकाळा_कट्टा
थांबव बाबा. मग असं ठरलं: एफआरपीचा कागद उसाचा_फड लिहून देतील, पुराचे आकडे राजाराम_बंधारा. राधानगरीच्या दरवाजांचं दादांना तोंडावर कुणी सांगायचं, ते मात्र चिठ्ठी टाकून ठरवू. बुधवारी संध्याकाळी सातला कार्यालयात, इअरपीस लावूनच सराव घ्यायचा. अँकर म्हणून कोण बसणार? पेठेतला_गडी सोडून कुणीही चालेल, तो प्रश्नाआधीच टाळ्या वाजवतो.