मारबतीची गोष्ट: रहस्यपट की थरारपट?

इतवारीकर: भाऊ, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरातल्या गल्लीतून मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक जाते. लहानपणापासून ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ कानात आहे. त्यातूनच सुचलं: एका बडग्याच्या (मिरवणुकीतल्या कागदी पुतळ्याच्या) पोटात कोणीतरी पैशांची पिशवी लपवलीये, आणि संध्याकाळी तो जाळणार. पटकथेची चाळीस पानं लिहिली, पुढे सरकत नाही. आधी प्रकार ठरवू का?

सीताबर्डी_लेखक: ठरवाच. पिशवी बडग्यात आहे हे प्रेक्षकाला कधी कळणार? शेवटी कळलं तर रहस्यपट. मग सगळी पानं पुरावे पेरण्यात जातील. पहिल्याच प्रसंगात दाखवली तर थरारपट. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा: प्रेक्षकाला बॉम्ब माहीत असेल, तर साध्या गप्पाही जीव टांगणीला लावतात. तुमच्याकडे दहनाची वेळ आयतीच आहे. मी तर थरारपटच करीन.

मानेवाडा: मला थोडं वेगळं वाटतं. बडग्या बनवणारा म्हातारा कोण? बांबूच्या कामट्यांवर खळ लावून कागद चिकटवताना त्याचा हात पिशवीला लागतो, आणि तो तसाच पुढे कागद चिकटवत राहतो. का? पैसा पोराचा असेल तर हा कौटुंबिक नाट्यपट आहे. वेळेचं दडपण त्यातही राहील.

इतवारीकर: हात लागतो तिथे मी अडकलो होतो! माझ्या मसुद्यात तो लगेच ओरडतो, म्हणूनच चाळिसाव्या पानावर सगळं संपत होतं. आता तो गप्प राहील. आज रात्रीच लिहायला बसतो.