मदत हवी आहे : गच्चीवर हलवलेले क्लोरेला चारच दिवसांत पिवळे पडले

जुळे_सोलापूरकर :
क्लोरेला या सूक्ष्म हिरव्या शैवालाचे संवर्धन प्रयोगशाळेत दोन महिने गर्द हिरवे होते. प्रकल्पासाठी मी ते सोमवारी घराच्या गच्चीवर २० लिटरच्या दोन पारदर्शक जारमध्ये हलवले. माध्यम तेच, पाणीही तेच, तरी रंग पिवळट झाला असून पेशी तळाशी बसू लागल्या आहेत. पुढच्या शुक्रवारी आकडे दाखवायचे आहेत. कोणते खत घालावे, एवढेच कृपया सांगावे.

माळरान_६२ :
पिवळेपणा म्हणजे नत्राची कमतरता, हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळते. चिमूटभर युरिया घाला.

चष्मेवाली_मावशी :
खताचे नंतर पाहू. जार थेट उन्हात आहेत का, हवेचा पंप चालू असतो का आणि दुपारी पाण्याचा सामू (पीएच) किती असतो?

जुळे_सोलापूरकर :
गच्ची म्हटल्यावर ऊन असणारच. सामू मोजलेला नाही.

बोअरवाला :
शेवाळ घालवायचे असल्यास मोरचूद उत्तम. आमची टाकी आठवड्यात स्वच्छ झाली.

जुळे_सोलापूरकर :
दादा, मला ते घालवायचे नाही, वाढवायचे आहे.

निळाई :
खाण्याचा सोडा भरपूर घाला. माझे स्पिरुलिना १० सामूला जोमाने वाढते.

चष्मेवाली_मावशी :
स्पिरुलिना हे हिरवे शैवाल नव्हे, तो नीलहरित जिवाणू आहे आणि अल्कधर्मी पाणी त्याला मानवते. त्याचा नियम क्लोरेलाला लावू नये.

जुळे_सोलापूरकर :
दुपारी तीनला सामू ९.९ निघाला. गच्चीवर प्लग नसल्यामुळे पंप फक्त रात्री चालतो. प्रयोगशाळेत सिलिंडरमधून २ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा मिळत असे. सगळेच तसे करतात, म्हणून ते लिहिले नव्हते.

चष्मेवाली_मावशी :
हेच पहिल्या दिवशी लिहायला हवे होते! तुम्ही एकाच दिवशी प्रकाश अनेक पटींनी वाढवला आणि कार्बन तोडला. ट्यूबलाइटखाली फार तर चार-पाच हजार लक्स मिळतात, तर भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास. पेशी जसजसा कार्बन ओढून घेतात तसतसा सामू चढतो, आणि ९.९ ला पाण्यात विरघळलेला मुक्त कार्बन डायऑक्साइड जवळजवळ उरत नाही. जो असतो तो बायकार्बोनेट आणि कार्बोनेटच्या रूपात. हिरवी शैवाले बायकार्बोनेट आत खेचून हरितलवकातल्या पायरेनॉइड नावाच्या प्रथिनांच्या गाठीपाशी त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतात, कारण कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर तिथेच दाटीने भरलेले असते. मात्र सिलिंडरच्या हवेवर पोसलेल्या पेशींत ही यंत्रणा जवळपास बंदच असते आणि ती उभारायला काही तास लागतात. तोवर प्रकाशाने सुटे केलेले, एरवी कार्बन पकडण्यात खर्च होणारे इलेक्ट्रॉन जाणार कुठे? त्यामुळे एरवी सोसवणारे ऊनही कार्बनविना जाचक ठरते.

क्लॅमिडोमोनास या शैवालात हे बारकाईने अभ्यासले गेले आहे. प्रकाश टिपणारी काही प्रथिने दोन प्रकाशप्रणालींमध्ये (प्रकाश वापरणाऱ्या प्रथिनसंचांमध्ये) जागा बदलतात ती मिनिटांत. जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देणारे एलएचसीएसआर३ हे प्रथिन तयार व्हायला तास लागतात, आणि तीव्र प्रकाशाबरोबर कार्बनची टंचाई असेल तर ते अधिक बनते. शेवटी हरितद्रव्यच कमी केले जाते, त्याला दिवस लागतात. तुमचा पिवळेपणा बहुधा या शेवटच्या पायरीचा आहे, म्हणजे निम्मे आजारपण आणि निम्मा शहाणपणा.

माळरान_६२ :
पण नत्र संपल्यावरही रंग असाच होतो, हे तुम्हाला नाकारता येणार नाही.

चष्मेवाली_मावशी :
नाकारत नाही. पण माध्यम ताजे आहे आणि चार दिवसांत नत्र संपण्याइतकी वाढ झालेली दिसत नाही. उलट जारचे तापमान तपासा. एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, बंद जार त्याहून तापतो, आणि तापलेल्या पाण्यात वायू कमीच विरघळतो.

डाळिंबवाला :
आम्ही बागेवर घालतो ती ५० टक्क्यांची शेडनेट दुहेरी करून टाका.

जुळे_सोलापूरकर :
दुहेरी नेट टाकली, खालच्या मजल्यावरून वायर ओढून पंप दिवसभर चालवला आणि युरिया घातला नाही. चौथ्या दिवशी दुपारचा सामू ८.१ आहे, पेशी तरंगत आहेत आणि रंग पोपटी झाला आहे. आता नेट काढू का?

चष्मेवाली_मावशी :
एक पदर काढा, दोन दिवस थांबा आणि दुपारचा सामू रोज लिहून ठेवा.

माळरान_६२ :
आणि थोडा युरिया.