धुराड्याआधी लाकूड तपासा

दोनदा धुराडं साफ करूनही आत काळा, चकचकीत थर साचतोय, म्हणून लाकडाची शेगडी काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र) बसवावा का, असं तुम्ही विचारलंय. मी आधी लाकडाकडे बघेन. त्यातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. साधं ओलावा-मापक मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा, बाहेरची बाजू बहुधा आतल्यापेक्षा कोरडी दाखवते. ओलं लाकूड जळताना बरीच आच पाणी उडवण्यातच जाते, त्यामुळे धूर थंड होतो, आणि तो धुराड्याच्या नळीत थिजून चिकटला की क्रिओसोट, म्हणजे तुम्हाला दिसणारा तो काळा, पेट घेणारा थर, तयार होतं. रात्रभर पुरावी म्हणून हवेची झडप पूर्ण बंद करून आग धुमसत ठेवणं हे दुसरं कारण, आणि बहुतेक जण तेच करतात! थोडंच लाकूड घालून चांगलं भडकू द्या.

थर ३ मिलिमीटर झाला की साफसफाई टाळू नका. मात्र चकचकीत थर ब्रशने निघत नाही, तिथे जाणकारच बोलवा. त्या थराला आग लागली तर धुराड्याला तडे जाऊ शकतात.

हीट पंप एक युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता देतो, कडाक्याच्या थंडीत कमी. पण वीज गेली की तो बंद, पेलेट शेगडीही (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी) तशीच. म्हणून रोजच्यासाठी पंप घ्या, शेगडी अडीअडचणीला राहू द्या. आणि शेगडी ठेवणार, तर जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आहे ना घरात?