नदीवरची फिल्म दाखवून नदी साफ होते का?

मुठाकाठची:
रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चादर बांधून मुठेवरची पंचवीस मिनिटांची एक डॉक्युमेंटरी लावली. भिडे पुलाखालचा सीन आला आणि पाचवीतला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, आपल्या बाथरूमचं पाणी पण इथेच येतं का? साठ माणसं बसली होती, कुणालाच नीट सांगता येईना. मी तीन वर्षं ग्रुपवर मैलापाणी, नदीकाठ प्रकल्पाचे ४४ किलोमीटर, सगळं लिहितेय, कुणी उघडून पण बघत नाही, आणि इथे पंचवीस मिनिटांत नेमका प्रश्न आला. म्हणून मला वाटतं की पर्यावरण असो नाहीतर समाजाचा कुठलाही प्रश्न, लोकांपर्यंत न्यायचा तर सिनेमासारखं दुसरं काही नाही. आपल्याच पुण्यात प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी संसार करायला ठाम नकार देते, हे तेव्हा घराघरात कोण बोलत होतं?

टेकडीवाला:
ताई, मला हे अजिबात पटत नाही. 'कुंकू' चालला कारण ती त्या मुलीची, नीराची गोष्ट होती, लोक विषय ऐकायला नाही, तिचं पुढे काय होतं ते बघायला गेले. विषय घेऊन काढलेल्या फिल्मचं काय होतं ते आमच्या पिढीने बघितलंय, पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी सक्तीने लागायची आणि लोक ती संपल्यावर आत यायचे.
आणि बघून माणूस बदलतो म्हणता तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याचं पाणी, वाहून गेलेल्या गाड्या, पडलेल्या भिंती, माणसं गेली, सगळ्या पुण्याने मोबाइलवर बघितलं. त्याहून भेदक फिल्म कोण काढणार? दोन महिने हळहळलो आणि पुढे परत ओढ्याकाठचा फ्लॅट बघायला गेलोच ना. नदी साफ होईल ती मैलापाणी शुद्ध करून. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून मैलापाणी शुद्धीकरणाची ११ केंद्रं ठरली, ती पूर्ण क्षमतेने चालतात का हे विचारा, त्याला प्रोजेक्टर लागत नाही.

मुठाकाठची:
पण दादा, विचारणार कोण? आपलं पाणी कुठे जातं हेच ज्याला माहीत नाही तो केंद्र चालतंय का हे कशाला विचारेल?

फुरसुंगीकर:
मी जरा वेगळं बोलतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या फुरसुंगीच्या शिवेवर येऊन पडला. त्या काळात कॅमेरेवाले किती आले त्याची मोजदाद नाही. ढिगाचा शॉट, वर घारी, आमच्या आईला विहिरीपाशी उभं केलं, पाणी ओंजळीत घेऊन दाखवा म्हणाले, तिने दाखवलं. एकाने तर तिला तीनदा करायला लावलं. ती फिल्म कुठे लागली, लोक काय म्हणाले, आम्हाला आजतागायत कळलं नाही. आई विचारायची, माझं काय झालं रे त्या पिक्चरमध्ये. तुमच्या पार्किंगमधल्या साठ जणांना नदी कळली, चांगलंच आहे, पण ज्याचं दुखणं दाखवता त्याला निदान एकदा तरी दाखवा की.

एडिटिंगटेबल:
दादा, तुमच्या आईंचं वाचून हात थांबले. मी याच धंद्यात आहे, एडिट करते, आणि खरं सांगते की तीनदा ओंजळ भरायला लावणारी माणसं आमच्यात आहेत.
तरी टेकडीवाल्यांशी मी सहमत नाही. दूध सहकारी संस्थेवरच्या १९७६ च्या 'मंथन'ला गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते, पिक्चर त्यांचा स्वतःचा होता म्हणून ते ट्रक भरभरून बघायला आले. आणि मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. सोळा एमएमच्या प्रिंट घेऊन टीम गावोगाव गेल्या, सोबत जनावरांचा डॉक्टर, दुधाचा जाणकार, चाऱ्याचा जाणकार. पिक्चर बघून माणूस उठला की त्याचा प्रश्न ऐकणारं कुणीतरी तिथेच हजर. आपल्याकडे फिल्म संपली की टाळ्या, दिग्दर्शकाचा सत्कार, चहा, आणि घरी. ताई, त्या मुलाने विचारलं तेव्हा मैलापाण्यातलं कळणारं एक माणूस तिथे बसलेलं हवं होतं.

टेकडीवाला:
मग ते काम डॉक्टरने केलं, पडद्याने नाही. पाणी फाउंडेशनचंही तेच उदाहरण लोक देतात. २०१६ ला त्यांच्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत ३ तालुके, ११६ गावं, व्हिडिओवरून चर कसे खणायचे शिकवलं हे मान्य, पण पाणी मुरलं ते गावाने उन्हातान्हात केलेल्या श्रमदानाने. आणि साठलेलं पाणी उसाला गेलं तर काय, हा अवघड प्रश्न कुठल्या फिल्मने गावासमोर धरला?

एडिटिंगटेबल:
उसाचं बोललात ते खरंय, तो प्रश्न आम्ही टाळतो, कारण तिथे समोरचाच माणूस दोषी ठरतो आणि तो दोषी ठरला की शूटिंगला परवानगी मिळत नाही. पण चर कसा आखायचा हे तोंडी सांगून कळत नाही हो, उतार डोळ्यांनी बघावा लागतो. खणलं हातांनीच, नाही कोण म्हणतंय.

मुठाकाठची:
फुरसुंगीकर दादा, ही मुठेची फिल्म तुमच्याकडे आणू का? नदी पुढे तुमच्या बाजूलाच वाहत जाते. या वेळी शुद्धीकरण केंद्रात काम केलेले आमच्या बिल्डिंगमधले एक काका बरोबर येतील, आता रिटायर झालेत, सगळं सांगतात.

फुरसुंगीकर:
आणा. मारुतीच्या देवळासमोर जागा आहे, भिंत पांढरीच आहे, चादर नको. गुरुवार सोडून ठेवा, त्या दिवशी लाईट नसते. आणि काकांना सांगा, आमच्याकडे लोक फिल्म चालू असतानाच मधे विचारतात, शेवटपर्यंत थांबत नाहीत, तेव्हा त्यांनी पडद्याशेजारीच खुर्ची टाकून बसावं.