भरवसा आणि रडणं

काही जण म्हणतात की देवावर खरा भरवसा असेल तर माणूस खचत नाही. मला हे पटत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवते. काटोलकडे आमची संत्र्याची बाग, आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर येणाऱ्या फुलोऱ्याची) फळं नुकती धरलेली. अर्ध्या तासात झाडाखाली हिरव्या गोट्यांचा सडा पडला. बाबा त्यातली चार ओंजळीत घेऊन बांधावर बसले आणि पोरासारखे रडले. भरवसा होता, तरी खचले.

त्या वर्षी आषाढीला पंढरपूरला जायला हातात पैसा नव्हता, म्हणून आम्ही आमच्याच नागपूर जिल्ह्यातल्या धापेवाड्याच्या विठ्ठलाला गेलो. तिथली मोठी यात्रा एकादशीला नाही, पौर्णिमेला भरते. तिथले संत कोलबास्वामी यांना पंढरीची वारी झेपेना, तेव्हा विठ्ठलच त्यांच्याकडे आला, अशी तिथली श्रद्धा आहे. हे बाबांना लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी चंद्रभागेच्या काठी (तिथल्या नदीचंही नाव तेच) ते मला म्हणाले, "ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्याकडे तो येतो ना रे." कर्ज तसंच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बागेत तुटलेल्या फांद्या छाटत होते.